वृद्धाश्रमात खरूज परत परत येतेय? औषध बदलायच्या आधी हे तपासा

आधी लक्षणं सांगते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल.

रात्री वाढणारी खाज. दिवसा माणूस बरा असतो, अंथरुणात पडला, अंग गरम झालं की ओरबाडायला सुरुवात. बोटांच्या बेचक्या, मनगटं, काख, कोपर, बेंबीभोवती, कमरेला नाडीच्या जागी, जांघा, गुप्तांग, बायकांना स्तनांखाली बारीक पुटकुळ्या, आणि नीट बघितलं तर कुठेतरी अर्धा-एक सेंटीमीटरची बारीक नागमोडी रेघ. हे झालं पुस्तकातलं चित्र. म्हाताऱ्या माणसांत ते तसं दिसेलच असं नाही. जे बराच वेळ पडून असतात त्यांच्या पाठीवर, कुल्ल्यांवर पुरळ जास्त असते, कधी मानेवर, कानामागे, डोक्यात. ज्यांना विसरभोळेपणाचा आजार आहे ते 'खाजतंय' असं म्हणतच नाहीत, ते रात्रभर जागतात, चिडतात, कपडे काढून टाकतात, डायपर ओढतात आणि आपण समजतो की स्वभाव बिघडलाय, झोपेची गोळी वाढवा. कोणी अचानक असं वागायला लागलं तर गोळीच्या आधी अंग बघा.

आणि एक लक्षण ज्याच्याकडे मी सगळ्यात आधी लक्ष देते: आजी-आजोबांना उचलणाऱ्या, अंघोळ घालणाऱ्या मावशींच्या हातांच्या आतल्या बाजूला आणि पोटावर खाज येणं. दोन मावशी एकाच आठवड्यात हात खाजवताना दिसल्या तर साबण बदलायचा विचार नंतर करा.

मी वृद्धांच्या निवासी केंद्रात नर्सिंगचं काम बघते, आणि खरजेची साथ निस्तरायचं काम माझ्याकडे वारंवार आलंय, आमच्याकडचंही आणि ओळखीतल्या दुसऱ्या ठिकाणांचंही. तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते, औषध लावलं, चादरी धुतल्या, थोडे दिवस बरं होतं आणि परत सुरू, आता आणखी स्ट्राँग काहीतरी सांगा. माझ्या अनुभवात औषध क्वचितच दोषी असतं. एक तर कोणीतरी माणूस राहून गेलेला असतो नाहीतर तारीख चुकलेली असते. ते शोधायचं कसं ते सांगते, फुकटात होणारं आधी आणि कष्टाचं शेवटी. हे सगळं खरूजच आहे हे डॉक्टरांनी एकदा तरी बघून सांगितलंय असं मी धरून चालतेय. ते झालं नसेल तर थेट 'इथे थांबा, डॉक्टरांना बोलवा' या भागात जा.

खाज नवी आहे की जुनीच उरलीय?

हे आधी बघा, कारण यातच निम्मे लोक विनाकारण घाबरतात. खरजेची खाज ही आपल्या शरीराची ॲलर्जी असते, कातडीत शिरून खरूज करणाऱ्या बारीक किड्याला, त्याच्या अंड्यांना आणि विष्ठेला. औषधाने किडे मेले तरी त्यांचा कचरा कातडीच्या वरच्या थरात राहतो आणि ती कातडी गळून नवी येईपर्यंत खाज राहते, २ ते ४ आठवडे. या काळात पेशंट खाजवतोय म्हणून परत परत क्रीम चोपडत राहिलं तर कातडी कोरडी पडते, जळजळते आणि त्याची खाज वेगळी. मग कोणालाच कळत नाही कशामुळे काय होतंय.

म्हणून उपचाराच्या दिवशीच प्रत्येकाच्या अंगावर पुरळ कुठे कुठे आहे ते कागदावर माणसाचं साधं चित्र काढून खुणा करून ठेवा. नंतर बघायचं एवढंच की नव्या जागी पुटकुळ्या किंवा रेघा येतायत का. खाज हळूहळू उतरतेय आणि नवं काही नाही, तर थांबा, भरपूर मॉइश्चरायझर लावा, डॉक्टर देतील ती खाजेची गोळी द्या, पण म्हाताऱ्या माणसांना झोप आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या मनाने देऊ नका, तोल जाऊन पडतात. ४ आठवड्यांनंतरही खाज तशीच आहे किंवा नवं पुरळ उठलंय तर पुढे वाचा.

एक कागद आणि तारखा

याला पेन सोडून काही लागत नाही आणि तरी हे सगळ्यात कमी ठिकाणी केलेलं असतं. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा खरूज होते त्याला किडा अंगात शिरल्यापासून साधारण ४ ते ६ आठवडे काहीच जाणवत नाही, पण त्या काळात तो दुसऱ्यांना देऊ शकतो. ज्याला आधी होऊन गेलीय त्याचं शरीर ओळखतं, त्याला १ ते ४ दिवसांत खाज सुटते. म्हणजे जो सगळ्यात आधी ओरडला तो साथीचा उगम असेलच असं नाही, कदाचित त्याला फक्त आधी होऊन गेली असेल.

तेव्हा कागदावर लिहा, कोण खाजवतंय, कधीपासून, कुठल्या खोलीत, शेजारी कोण, अंघोळ कोण घालतं, मागच्या ८ आठवड्यांत नवीन कोण आलं, हॉस्पिटलात राहून कोण परत आलं, कोणाची खोली बदलली, कुठली मावशी दुसरीकडेही ड्युटी करते. खोल्यांचा नकाशा काढून खुणा केल्या की बऱ्याचदा एक पट्टा दिसायला लागतो, आणि तो पट्टा खोल्यांपेक्षा अंघोळ घालणाऱ्या माणसाच्या मागे जातो. हा आजार हवेतून येत नाही, नुसतं शेजारी बसून येत नाही, कातडीला कातडी बराच वेळ लागून येतो, आणि म्हाताऱ्या माणसाला उठवणं, बसवणं, पुसणं म्हणजे तेच. साथ चालू असताना खोल्या बदलणं मात्र थांबवा, नाहीतर नकाशाचा काही उपयोग राहत नाही.

क्रीम कसं लावलं ते विचारा, लावलं का ते नको

'लावलं ना' असं विचारलं की 'हो' येतं. त्याऐवजी 'कसं लावलं ते दाखव' म्हणा.

पर्मेथ्रिन ५% क्रीम हे सगळीकडे पहिलं औषध. तरुण माणसाला मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत लावतात, म्हाताऱ्या माणसांना डोकं, कपाळ, कानामागे, मान हे सगळं धरून, डोळे आणि तोंड सोडून. हे डोक्याचं राहून जाणं फार कॉमन आहे, कारण ट्यूबवरच्या कागदात मानेखाली असंच लिहिलेलं असतं कधीकधी. बोटांच्या बेचक्या, बेंबी, कुल्ल्यांची फट, गुप्तांग, पायांच्या बोटांमध्ये, आणि नखांखाली. नखं आधी कापायची, मग जुन्या मऊ ब्रशने नखाखाली क्रीम घालायचं आणि तो ब्रश टाकून द्यायचा. खाजवताना किडे आणि अंडी नखाखाली जातात, तिथे औषध पोचलं नाही तर माणूस स्वतःच स्वतःला परत देतो.

कातडी कोरडी आणि थंड असताना लावायचं, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर लगेच नको. एका मोठ्या माणसाला साधारण ३० ग्रॅम क्रीम लागतं, अंगाने मोठा असेल तर जास्त. एका ट्यूबमध्ये तीन आजी उरकल्या असतील तर तिथेच उत्तर आहे. ८ ते १२ तास अंगावर राहायला हवं, म्हणून रात्री लावून सकाळी अंघोळ. आणि इथे खरी गळती होते: रात्रीत डायपर बदलला, पुसलं, हात धुतले, जेवण भरवून तोंड पुसलं, की तिथलं औषध गेलं. तेवढ्या जागी परत लावावं लागतं. रात्रपाळीच्या माणसाच्या हातात ट्यूब आणि यादी असल्याशिवाय हे होत नाही.

दुसरा डोस

मादी कातडीत बोगदा करून रोज २-३ अंडी घालते, अंडी ३-४ दिवसांत फुटतात आणि पिल्लं साधारण २ आठवड्यांत मोठी होतात. पर्मेथ्रिनने सगळी अंडी मरतीलच असं नाही आणि खरजेवर पोटातून देतात त्या आयव्हरमेक्टिनच्या गोळीने तर अंडी मरतच नाहीत. म्हणून दुसरा डोस, पहिल्यानंतर ७ ते १४ दिवसांत, म्हणजे फुटलेली पिल्लं अंडी घालण्याएवढी मोठी व्हायच्या आत. तो टाळला तर थोडे दिवस बरं आणि मग परत, म्हणजे अगदी तीच तक्रार जी सगळे घेऊन येतात.

दुसरा डोस 'बरं वाटत असेल तर नको' असा नसतो. पहिल्या दिवशीच दुसऱ्याची तारीख ठरवून ड्युटी त्याप्रमाणे लावा, क्रीमही दोन्ही वेळचं एकदमच मागवा.

सगळे, एकाच दिवशी

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. खाज असलेले, नसलेले, सगळे निवासी आणि त्यांच्या अंगाला हात लावणारे सगळे, एकाच दिवशी, फार तर २४ तासांत. खाज नाही म्हणून वगळलेला माणूस त्या ४-६ आठवड्यांच्या गप्प काळात असू शकतो, आणि तोच बरा झालेल्यांना परत देतो. या आठवड्यात हा मजला, पुढच्या आठवड्यात तो मजला असं केलं तर खरूज मजले बदलत राहते.

आता कोण राहून जातं ते सांगते. फक्त रात्री येणारे. सुट्टीवर असलेले. बदली म्हणून चार दिवस आलेली मावशी. फिजिओथेरपी देणारे, केस कापणारे, लॉन्ड्रीत मळके कपडे हाताळणारे. दर रविवारी येऊन आईचा हात धरून तासभर बसणारी मुलगी, आणि येताना बरोबर आणलेलं नातवंड. आणि ज्या कर्मचाऱ्यांना स्वतःला लक्षणं आहेत त्यांच्या घरचे, एका अंथरुणात झोपणारे. मावशीने इथे उपचार घेतला आणि घरी गेली जिथे नवरा आणि पोरं खाजवतायत, तर ती पुढच्या महिन्यात परत घेऊन येणार, आणि दोष तिच्यावर येणार.

मला यात मनापासून वाटतं ते हे की कर्मचारी लपवतात त्यामागे कारण असतं. सांगितलं तर पगार कापतील, घाणेरडी म्हणतील. खरजेचा आणि घाणीचा संबंध लोकांनी लावून ठेवलाय, पण रोज दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही ती होते, तो बोगद्यात बसलेला किडा साबणाने निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला, म्हणजे हा आजार आहे, चारित्र्य नव्हे, हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगते. आणि नुसतं सांगून भागत नाही, कर्मचाऱ्यांचं आणि त्यांच्या घरच्यांचं औषध संस्थेने द्यावं, सुट्टी पगारी द्यावी. पहिला उपचार पूर्ण करून दुसऱ्या दिवशी माणूस कामावर येऊ शकतो, तेव्हा सुट्टी मोठी लागतही नाही. जिथे हे केलं जातं तिथे लोक स्वतःहून हात पुढे करून दाखवतात.

नातेवाईकांनाही फोन करून सरळ सांगा. लपवलेलं कळलं की विश्वास जातो, आणि त्यांना उपचार द्यायचे राहूनही जातात.

कपडे, अंथरूण, आणि काय धुवायची गरज नाही

किडा माणसाच्या अंगाबाहेर साधारण २-३ दिवसच जगतो. म्हणून उपचाराच्या आधीच्या ३ दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे तेवढे धुवा, ५०° सेल्सिअस किंवा जास्त गरम पाण्यात किमान १० मिनिटं, किंवा गरम ड्रायरमध्ये. जे धुता येत नाही, स्वेटर, मऊ चपला, उशी, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, ३ दिवस पुरतात, मी आठवडाभर ठेवते. वेळ महत्त्वाची, सकाळी क्रीम धुतल्यावर स्वच्छ कपडे आणि स्वच्छ अंथरूण तयार हवं. अंघोळ घालून त्याच जुन्या स्वेटरमध्ये बसवलं असं मी खूप ठिकाणी बघितलंय.

विसरल्या जाणाऱ्या गोष्टी म्हणजे ब्लड प्रेशरचा पट्टा, उचलायचा पट्टा, व्हीलचेअरचं कापडी कुशन, खुर्चीतली शाल जी कोणीही घेतं.

भिंती घासणं, सगळीकडे कीटकनाशक फवारणं, गाद्या जाळणं यातलं काही करू नका. साध्या खरजेत एका माणसाच्या अंगावर १०-१५ किडेच असतात, ते भिंतीवर राहत नाहीत. फवारणीने दम्याचे पेशंट तेवढे त्रासात पडतात. ती मेहनत वरच्या यादीतल्या माणसांना शोधण्यात घाला. (कवच खरजेत मात्र खोलीची सफाई वाढते, ते पुढे.)

कपाटातल्या ट्यूबा

आता प्रत्येकाच्या बाजूच्या ड्रॉवरमध्ये बघा. बुरशी, जंतू आणि स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असलेल्या क्रीम लोक सर्रास लावतात. स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते, किडे मात्र आरामात वाढतात, आणि पुरळ असं विचित्र दिसायला लागतं की डॉक्टरही फसू शकतात. त्या ट्यूबा बाजूला काढा आणि डॉक्टरांना दाखवा, टाकून देऊ नका, काय आणि किती दिवस लावलं ते त्यांना कळायला हवं.

आणि सगळी खाज म्हणजे खरूज नव्हे. म्हातारपणाची कोरडी कातडी, औषधाची ॲलर्जी, किडनीचा आजार, नायटा, ढेकूण, आणि पेम्फिगॉइड नावाचा आजार ज्यात मोठे फोड यायच्या आधी नुसतीच खाज असते. एकटाच माणूस खाजवतोय, बाकी कोणीच नाही, दोनदा नीट उपचार झालेत, तर निदानावरच शंका घ्या.

जो खाजवत नाही त्याला शोधा

हे सगळ्यात कष्टाचं. वरचं सगळं बरोबर आहे आणि तरी साथ परत येतेय, तर मी एकाच माणसाच्या शोधात असते, ज्याला कवच खरूज आहे. याला नॉर्वेजियन खरूजही म्हणतात. यात अंगावर १०-१५ नाही, हजारो ते लाखो किडे असतात, आणि खाज फार नसते किंवा नसतेच. म्हणून तो कोणाच्या यादीत येत नाही. पॅरालिसिसचा पेशंट जो खाजवू शकत नाही, प्रतिकारशक्ती कमी असलेला, बरेच दिवस स्टेरॉइड घेणारा, बधिर हातापायांचा, विसरभोळा झालेला. 'यांची कातडी आधीपासूनच अशी आहे', 'सोरायसिस आहे त्यांना' असं ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात, तिथे आधी जा.

दिसायला जाड राखाडी-पिवळट खपल्या, तळहात, तळवे, बोटांमध्ये, कोपरांवर, डोक्यात, नखं जाड आणि भुसभुशीत, चादर झटकली की कोंडा पडतो. त्या कोंड्यात जिवंत किडे असतात, आणि इथे थोडा वेळचा स्पर्श, चादर घडी करणं, एवढ्यानेही लागण होते.

त्यासाठी प्रत्येक निवासीचं डोक्यापासून पायापर्यंत अंग बघावं लागतं, दिवसाच्या उजेडात, टॉर्च घेऊन, दोघांनी मिळून. लांब बाह्यांचा गाऊन आणि हातमोजे, हातमोजा बाहीवर चढवलेला. पडदा लावा, ज्या भागाचं बघताय तेवढंच उघडा, आजींना आधी सांगा काय करतोय ते, बायकांचं बायकांनी बघा. पायमोजे काढायला विसरू नका. संशय आला तर खपल्या ओरबाडू नका, त्या माणसाला वेगळ्या खोलीत ठेवा, ठरावीक एक-दोन माणसंच कामाला द्या, खोली रोज व्हॅक्युम करा किंवा ओल्या कपड्याने पुसा, चादर रोज बदला आणि खोलीतच पिशवीत बांधा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. एकटं ठेवलंय म्हणून त्यांच्याशी बोलणं कमी होऊ देऊ नका, गाऊन घालून बसता येतं.

इथे थांबा, डॉक्टरांना बोलवा

निदान पक्कं नसेल तर सगळ्यांना औषध लावायच्या आधी. त्वचारोगतज्ज्ञ कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली किडा, अंडी बघतात किंवा डर्माटोस्कोप (कातडी मोठी करून दाखवणारं भिंग) लावून बोगद्याच्या टोकाला किडा शोधतात. खरवडून काही दिसलं नाही म्हणजे खरूज नाही असं नसतं, पण एका जरी पेशंटमध्ये पक्कं झालं तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

८ आठवड्यांत एकमेकांच्या संपर्कातले दोन किंवा जास्त जण निघाले तर ती साथच धरा, आणि तुमच्या भागातल्या आरोग्य यंत्रणेला कळवा.

कवच खरूज म्हणजे थेट तज्ज्ञ. त्यात क्रीम आणि गोळ्या दोन्ही, अनेक डोस, आणि खपल्या मऊ करायचं वेगळं मलम लागतं, एका ट्यूबने ते होत नाही.

आयव्हरमेक्टिन मनाने कधीच नको. डोस वजनावर असतो, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, आणि लिव्हरचा त्रास, वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी, गर्भवती किंवा अंगावर पाजणारी कर्मचारी, १५ किलोपेक्षा कमी वजनाचं मूल घरी असणं, हे सगळं डॉक्टरांना आधी सांगायचं. लिंडेन हे खरजेवर लावायचं जुनं औषध कोणी सुचवलं तर म्हाताऱ्या माणसांना लावू नका, मेंदूवर परिणाम होऊन झटके येऊ शकतात.

पू, ताप, लाल गरम पसरणारी सूज, अचानक गुंगी किंवा बडबड, हे खाजवलेल्या जखमेत जंतू गेल्याचं लक्षण, त्याच दिवशी दाखवा. लघवी कमी किंवा गडद, चेहऱ्यावर सूज असेल तर उशीर नको, खरजेच्या जखमेतल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूने किडनीला सूज येऊ शकते.

आणि दोन्ही डोस नीट, सगळ्यांना, एकाच दिवशी झालेत, कवच खरूज शोधून झालीय आणि तरी नव्या रेघा येतायत, तर तिसऱ्यांदा तेच क्रीम लावू नका. औषध बदलायचा प्रश्न आता खरा आहे, आणि तो त्वचारोगतज्ज्ञांनी सोडवायचा.

साथ संपल्यावर

शेवटच्या डोसनंतर निदान ६ आठवडे दर आठवड्याला अंघोळीच्या वेळी सगळ्यांचं अंग बघून वहीत लिहायचं. नवीन येणाऱ्या प्रत्येकाचं पहिल्या दिवशी आणि परत ६ आठवड्यांनी, हॉस्पिटलातून परत येणाऱ्यांचंही तसंच. टॉवेल आणि स्वेटरवर नावं घाला. नवीन मावशीला कामाच्या पहिल्याच दिवशी सांगा की हात खाजले तर कोणाला सांगायचं आणि सांगितल्याने पगार कापला जाणार नाही.